एंडेलची उबदार खुर्ची

...आणि वर मलाच विचारते, "तुम्ही नक्की तुम्हीच ना?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, माझी मलाच अजून नीट खात्री नाही, आणि ही काचेपलीकडची बाई एकदा ओळखपत्रावरच्या फोटोकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते, पुन्हा फोटोकडे... जणू दोघांपैकी एक जण तोतया आहे आणि तो बहुधा मी! गुन्हा काय माझा? तर ओळखपत्राच्या कार्डाचा पिन चुकला. तीनदा. तिसऱ्यांदा तर मी बरोबर टाकणार होतो हो, पण बोट ठेवता ठेवता मनात आलं, इतकं सोपं कसं असेल... आणि शेवटचा आकडा बदलला. कार्ड बंद! आमच्या एस्टोनियात कार्ड बंद म्हणजे माणूस बंद. औषध मिळायचं नाही, मत देता यायचं नाही, स्वतःच्या जंगलातली चार झाडं तोडायची तर परवानगी मागता यायची नाही. दीड तास बसने तार्तू शहरातल्या कचेरीत गेलो, त्या बाईकडून नवा पिन घेतला, दीड तास परत आलो, आणि स्टॉपवर कोण उभा? एंडेल. एंडेल पेडाक. मला बघून म्हणाला, "फिरून आलास?"

फिरून आलास!

तुम्हाला सांगतो, या एंडेलचा पिन आयुष्यात कधी चुकलेला नाही. चुकेल कसा? त्याचा पिन म्हणजे त्याच्या जुन्या दुधाच्या टँकरचा नंबर. चाळीस वर्षं तो टँकर गावातून फिरला, तो नंबर आमच्याकडच्या गाईंनासुद्धा पाठ आहे! पण त्याचं कार्ड कोणी पळवत नाही, त्याचा पिन कोणी वापरत नाही, त्याला कोणी काचेपलीकडून विचारत नाही की बाबा तू तूच का? मत्सर नाही हं. मी आपलं सांगतो.

आता बघा, मी डॉक्टर. औषधाचा नव्हे, दलदलीचा. दलदलीत कुजलेल्या शेवाळाचा थर कसा साचतो यावर मी सहाशे पानांचा प्रबंध लिहिला. वर्षाला एक मिलिमीटर साचतो तो. माझंही आयुष्य साधारण त्याच वेगाने पुढे सरकलं, ते जाऊ दे. आणि एंडेल काय? एंडेलने दूध वाहिलं. बोलणं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक कुत्र्याशी. तरी दुकानात गेलो की मला सांगतात, "धुरी दिलेला मासा संपला हो," आणि माझ्या मागे एंडेल उभा असला की गल्ल्याखालून कागदात गुंडाळलेला मासा वर येतो, आपोआप, जसा काही जिवंत आहे! दवाखान्यात मी नाव सांगतो, जन्मतारीख सांगतो, नाव पुन्हा सांगतो. एंडेल नुसता खोकतो आणि आतून आवाज येतो, "ये रे एंडेल!" माझा स्वतःचा कुत्रा, मुरी, मी पाळलेला, मी खाऊ घातलेला, एंडेल रस्त्याने जाताना दिसला की फाटकावर असा नाचतो, असा नाचतो... माझ्यासाठी शेपटी हलवतो, नाही असं नाही, पण बसून.

आणि लाइने, माझी बायको. बावन्न वर्षांचा संसार. तिला म्हटलं, "त्याच्यात असं काय आहे ग?" तर बटाटे सोलता सोलता म्हणते, "काही नाही रे. साधा माणूस आहे." माझ्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणते, "हुशार आहेत." हुशार आहेत! ज्या आवाजात लोक 'पाय दुखतोय' म्हणतात ना, त्या आवाजात.

मत्सर नाही हं. मी आपलं सांगतो.

तर आमच्या भागात म्हाताऱ्यांचं एक वेड आहे. शब्द गोळा करायचे. आपापल्या गावच्या बोलीतले, मरत चाललेले, आजी गेली की तिच्याबरोबर जातील असले शब्द. चिठ्ठीवर शब्द लिहायचा, खाली अर्थ, खाली कोणाकडून ऐकला ते, आणि तार्तूच्या शब्दकोठीला पोस्टाने पाठवायचा. कोणी मशरूम गोळा करतं, कोणी शब्द. मी चाळीस वर्षं गोळा केले. एकशे बेचाळीस. सगळे माझ्या आईचे. चपलांच्या खोक्यात ठेवलेले. पाठवला का एकही? नाही! कारण अर्थ बरोबर असेल का, आई खरंच तसं म्हणायची का, की मला तसं आठवतंय... तपासून घेऊ, एकदा पुन्हा तपासू, चाळीस वर्षं तपासतच होतो. लग्नाआधीच आई गेली, तेव्हा लाइनेनेही तिला ऐकलेलं नाही. म्हणजे जगात ते शब्द दोनच जागी. एक ते खोकं, आणि एक हे डोकं, केस गेलेलं.

आणि गेल्या वर्षी कोठीने जाहीर केलं की आमच्या परगण्याचा कोश आता छापायला जाणार. मार्टिनच्या सणापर्यंत, म्हणजे दहा नोव्हेंबरपर्यंत, जे येईल ते पुस्तकात. राहिलं ते राहिलं. शब्दापुढे तो देणाऱ्याचं नाव, ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. मी म्हटलं, बस! आता आईचं नाव छापून आलंच पाहिजे. लगेच खोकं उघडलं, पाकिटं आणली, तिकिटं आणली, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलेलं? "चिठ्ठ्या घेणे बंद. शब्द आता फक्त साइटवरून." आणि साइटवर जायचं तर कार्ड, पिन... तीच ती सगळी कथा. तेवढ्यासाठी तर तार्तूला जाऊन आलो होतो!

आमच्या घरी कार्ड वाचायचं यंत्र नाही. ते वाचनालयात. तिथला एकच कॉम्प्युटर, खिडकीपाशी, आणि तिथे मारेट. मारेट म्हणजे आमची ग्रंथपाल, पंचेचाळिशीची, उत्साही, सगळ्या म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवते. एंडेलला म्हणते, "तू बस रे इथे, कॉफी आणते." मला म्हणते, "डॉक्टर, तुम्ही बसा." तुम्ही! तीस वर्षं मी त्या वाचनालयात जातो, दोन हजार पुस्तकं परत केली, एकही उशिरा नाही, आणि मी अजून तुम्ही! एंडेलने एकूण तीन पुस्तकं नेली, त्यातलं मधमाश्यांचं अजून त्याच्याकडेच आहे, आणि तो तू!

मत्सर नाही हं... बरं, थोडा असेल. पण पुढे ऐका.

मी मारेटला विचारलं, "अहो, मला शब्दकोठीत जायचंय, तर हे यंत्र मला भलत्याच पानावर का नेतं? मी चुकलो का?" ती म्हणाली, "नाही हो डॉक्टर, बरोबर आहे ते. कोठी तुम्हाला ओळखत नाही." म्हटलं, त्यात नवीन काय! तर म्हणते, "तसं नाही. कोठी कोणालाच ओळखत नाही. ओळख पटवायचं काम तिने अंगावरच घेतलेलं नाही. त्यासाठी एक देवडी आहे. तुम्ही कोठीच्या दारात गेलात की कोठी म्हणते, आधी देवडीवर जाऊन या. देवडीवर पहारेकरी. त्याला तुम्ही कार्ड दाखवता, पिन सांगता. तो तपासतो आणि तुमच्या हातात एक चिठ्ठी देतो, शिक्का मारलेली. चिठ्ठीत तुमचा पिन नसतो हं, पिन त्याच्यापाशीच राहतो. चिठ्ठीत एवढंच, की हा माणूस अमुक अमुक, मी खात्री केलीय. कोठी फक्त शिक्का बघते. शिक्का ओळखीचा, की या आत."

"आणि मग मला वाचनालयाच्या यादीत जायचं असलं तर? पुन्हा पिन?"

"नाही ना! तीच तर गंमत. यादीसुद्धा तुम्हाला त्याच देवडीवर पाठवते. पहारेकरी म्हणतो, अरे, हे तर आत्ताच येऊन गेले. काही न विचारता दुसरी चिठ्ठी देतो. मग संग्रहालय, मग जमिनीचे नकाशे, सगळीकडे तसंच. एकदाच ओळख द्यायची, सगळी दारं उघडी. सिंगल साइन-ऑन म्हणतात त्याला."

तुम्हाला सांगतो, मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं. एकदाच ओळख द्यायची आणि सगळी दारं उघडी! अहो, हा तर एंडेल! हे त्या लोकांनी आता शोधून काढलं, एंडेल सत्तर वर्षं त्यावरच जगतोय! त्याला कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी दारात ओळखलं असणार, आणि तेव्हापासून एकाच्या भरवशावर दुसरा, दुसऱ्याच्या भरवशावर तिसरा... आणि मी प्रत्येक दारात नव्याने, फोटोसकट!

मी मारेटला विचारलं, "पण मी आत्ताच येऊन गेलो हे पहारेकऱ्याला कळतं कसं? चेहरा लक्षात ठेवतो?" तर हसली. म्हणाली, "चेहरा कुठला हो! तो तुमच्या खिशात एक खूण टाकून ठेवतो. पुढच्या वेळी खिसा चाचपतो, खूण सापडली की झालं."

खिशात खूण. हे माझ्या लक्षात राहिलं. फक्त एक गोष्ट मी विचारली नाही. खिसा कोणाचा? ते विचारायला हवं होतं. पण म्हटलं, सहाशे पानांचा प्रबंध लिहिलेला माणूस, किती प्रश्न विचारणार? म्हणेल, यांना एवढंही कळत नाही. मी मान हलवली. आयुष्यात जिथे जिथे माझा घात झालाय ना, तिथे तिथे मी त्याच्या आधी मान हलवलेली आहे.

आला नऊ नोव्हेंबर. मुदत संपायच्या आदला दिवस. शेवटच्या दिवशी जायचं नाही, काही बिघडलं तर? खोकं काखेत घेतलं, दुपारी बाराला वाचनालयात पोचलो, आणि खिडकीपाशी कोण? एंडेल! दोन बोटांनी टाइप करतोय. मारेटने त्याच्यासाठी अक्षरं मोठी करून दिली होती, इतकी मोठी, की पडद्यावर एका वेळी पाच शब्द. म्हटलं, "तू काय करतोयस?"

"शब्द," म्हणाला.

"किती?"

"चार."

चार! आणि मारेट तिकडून ओरडते, "ए एंडेल, चार पाठवलेस? शाब्बास रे!" चारला शाब्बास! माझ्या काखेत एकशे बेचाळीस, मला कोणी विचारलं का, डॉक्टर, खोक्यात काय आहे?

मग एंडेल उठला. त्याने काय केलं ते नीट ऐका. त्याने पडद्यावरचं 'बाहेर पडा' दाबलं, कार्ड काढलं, टोपी घातली, मारेटच्या टेबलावर मधाची बरणी ठेवली आणि गेला. बस. आता त्या यंत्रावर मारेटच्या अक्षरात कागद चिकटवलेला आहे, की काम झालं की पूर्ण ब्राउझर बंद करा, सगळ्या खिडक्या मिटा. पण एंडेलच्या पिढीला आमच्याकडे कुलूप माहीतच नाही! बाहेर जाताना दाराला खराटा टेकवून ठेवायचा, की बाबा घरात कोणी नाही, येऊ नका. आणि लोक येत नाहीत! त्याने 'बाहेर पडा' दाबलं म्हणजे खराटा टेकवला. कुलूप कशाला?

मी बसलो. खुर्ची उबदार. खोटं कशाला सांगू, मला त्या उबेचाही राग आला. माझ्या खुर्च्या कधी अशा गरम होत नाहीत. मी माझं कार्ड खाचेत घातलं, नवा पिन तीनदा मनात म्हटला, 'आत या' दाबलं... आणि उघडलं! पिन नाही, काही नाही, सरळ आत! "स्वागत आहे, शब्द लिहा."

आता कोणीही शहाणा माणूस थबकला असता. मीसुद्धा थबकलो, अर्धा क्षण. आणि मग, तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, ओळखलं! अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा एका दाराने मला काही न विचारता आत घेतलं! मागच्या आठवड्यात मारेटबरोबर येऊन गेलो होतो, पहारेकऱ्याच्या लक्षात राहिलं असणार. म्हटलं, असं वाटतं होय एंडेलला? रोज? आणि तरी हा माणूस इतका गप्प कसा राहतो? मी असतो तर नाचलो असतो!

आणि नाव? नाव वरच्या कोपऱ्यात असतं हो, ते मला आता माहीत आहे. पण अक्षरं एंडेलसाठी मोठी केलेली, तो कोपरा पडद्याच्या पार पलीकडे गेलेला. मी ती अक्षरं कमी करायला गेलो नाही. म्हटलं, काहीतरी दाबू आणि आत आलोय तो बाहेर पडू!

बारा ते सात बसलो. मारेटने कॉफी आणली. एकशे बेचाळीस शब्द. धोबी पक्ष्याला पेलेल पण मांजराला पेलणार नाही इतक्या पातळ बर्फाला आईचा एक शब्द होता. कोट घालून, टोपी घालून, तरी दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला एक. निवलेल्या दुधावरची साय वरच्या ओठाला चिकटते, तिला एक. आणि एक... फाटक सताड उघडं असतं, बाकीची गुरं केव्हाच आत गेलेली असतात, आणि एखादं वासरू बाहेरच उभं राहतं, कोणी 'ये' म्हणेल म्हणून. त्या वासराला आईचा एक शब्द होता. खाली मी लिहिलं, "आई मला असं म्हणायची." हे मी लाइनेलाही कधी सांगितलेलं नाही. दरवेळी शब्द पाठवला की हिरवी खूण यायची. 'कोणाकडून ऐकला' तिथे मी प्रत्येक वेळी लिहिलं, आई. नुसतं आई. अहो, आईला कोण नावाने लिहितं?

आणि माझं कार्ड खाचेत घातलेलं होतं, त्याला त्या सात तासांत कोणी काही विचारलंच नाही. बिचारं बसून होतं, माझ्यासारखं.

मार्चमध्ये मातृभाषा दिनाला गावच्या सभागृहात कार्यक्रम. कोठीची माणसं तार्तूहून आली. वर्षातला सर्वांत उत्तम संग्राहक आमच्या गावचा! मी कोट इस्त्री करून घेतला. लाइने म्हणाली, "तुझंच नाव असेल कशावरून?" म्हटलं, "मी कुठे म्हणतोय?" पण भाषण खिशात होतं. दोन होती, खरं तर. एक लांब, एक आखूड.

"एंडेल पेडाक!"

चार शब्दांत? मी लाइनेला म्हटलं, "चार शब्दांत!" ती म्हणाली, "शू, टाळ्या वाजव." वाजवल्या. काय करणार? एंडेल व्यासपीठावर गेला, त्याला फुलं दिली, वेणीसारखा गुंफलेला मोठा गोड पाव दिला. मी म्हटलं, बघू तरी काय एवढे दिव्य चार शब्द आहेत. आणि ती तार्तूची बाई वाचायला लागली, "एकशे सेहेचाळीस शब्दांचा हा खजिना..." आणि पहिला शब्द, धोबी पक्ष्याचा बर्फ.

तुम्हाला सांगतो, तो माझ्या आईचा शब्द! आणि पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? 'माझे शब्द चोरले' हा? छे! पहिला विचार आला, एंडेलच्या आईकडेही हा शब्द होता वाटतं... एकाच परगण्यातल्या बायका ना! बघा! स्वतःच्या आईचा शब्द, आणि मी संशय घेतला तो स्वतःवर! मग कोटवाला पाहुणा आला, मग साय आली. आणि बाई म्हणाली, "हे सारे शब्द एंडेल यांच्या मातोश्री, श्रीमती अमांडा पेडाक यांचे." अमांडा! 'आई' एवढंच लिहिलेलं, पुढचं नाव कोठीने एंडेलच्या नोंदीवरून स्वतःच भरलं. अहो, अमांडा पेडाक कशासाठी प्रसिद्ध होती माहितीय? न बोलण्यासाठी! वर्षाला तीन वाक्यं, चौथं लीप वर्षात! एकशे बेचाळीस शब्द त्या बाईने जन्मात उच्चारले नसतील!

मग वासरू आलं. बाईने खालचं वाक्यही वाचलं. "...'आई मला असं म्हणायची.'" सगळं सभागृह एंडेलकडे बघतंय, प्रेमाने, ओल्या डोळ्यांनी. एंडेलकडे! हा माणूस आयुष्यात कुठल्या दाराशी थांबलेला नाही! लाइनेने रुमाल काढला, नाक पुसलं, आणि माझ्या कानात म्हणाली, "बिचारा एंडेल!"

माईक एंडेलपुढे आला. त्याने पाव दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "मला वाटलं, चारच होते." सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या! "काय विनय हो!" "असा माणूस होणे नाही!"

घरी जाताना मी लाइनेला म्हटलं, "ते वासरू मी आहे." तिने माझा हात दाबला. म्हणाली, "असं प्रत्येकालाच वाटलं असेल रे. तेच तर त्याचं मोठेपण."

दुसऱ्या दिवशी मारेटकडे धावलो. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "डॉक्टर, त्याने कोठीतून बाहेर पडा दाबलं. म्हणजे फक्त कोठीची चिठ्ठी फाटली. देवडीवरची खूण तशीच होती, ती ब्राउझर बंद केल्याशिवाय जात नाही. तुम्ही आत या म्हटलंत, कोठीने देवडीवर पाठवलं, पहारेकऱ्याने खिसा चाचपला..."

"पण खिसा माझा होता!"

"खिसा कॉम्प्युटरचा, डॉक्टर. पहारेकरी माणूस ओळखत नाही. खिसा ओळखतो."

म्हणजे ते स्वागत माझं नव्हतंच! ते आसू, ती ऊब, ते सगळं... एंडेलचं! शेवटी ज्या एका दाराने मला न विचारता आत घेतलं, तेही त्याला समजून! आता मात्र मत्सर. हो, मत्सर! लिहून घ्या!

गेलो त्याच्याकडे. दाराला खराटा नव्हता, म्हणजे घरात होता. सगळं सांगितलं. मला वाटलं, नाकबूल करेल, भांडेल; भांडला असता तर बरं झालं असतं हो, निदान एकदा तरी तो वाईट ठरला असता. पण त्याने ऐकलं, गोड पावाचा उरलेला अर्धा भाग माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मला वाटलं, मशीन वाढवतं." मग म्हणाला, "चल. दुरुस्त करू."

कोठीला फोन केला. त्यांनी सांगितलं, नोंदी बंद झाल्या, पानं छापखान्यात. नोंद एंडेल यांच्या ओळखीने झालीय, तिच्यात आम्ही हात घालू शकत नाही. फक्त एंडेल यांनी स्वतः आत येऊन एक शेरा लिहावा, एका ओळीचा, तेवढा पुस्तकात घेऊ. झालं! गेलो वाचनालयात. एंडेलने कार्ड घातलं, टँकरचा नंबर टाकला, आत. दोन बोटं कळफलकावर ठेवून माझ्याकडे बघतोय. "काय लिहू?"

मंडळी, त्या क्षणी मी सांगायचं होतं. लिही, हे शब्द वोल्देमार तामिकच्या आईचे, तिचं नाव लीसा. एवढंच! सात शब्द, आठ शब्द! पण मारेट बघत होती, दोन बायका मासिकं चाळत बघत होत्या, आणि मला वाटलं, स्वतःचं नाव स्वतःच काय सांगायचं? लोक म्हणतील, मत्सरी आहे. मी मान वर केली आणि म्हटलं, "खरं काय ते लिही."

खरं काय ते! एंडेलला! ज्या माणसाने चाळीस वर्षं दुधाच्या वहीत स्वतः मोजलं तेवढंच लिहिलं, लोक म्हणाले तीस लिटर, तरी काठी बुडवून बघितल्याशिवाय तीस लिहिलं नाही, त्याला मी म्हणतो, खरं काय ते लिही! माझी आई काय म्हणायची ते त्याने कुठे ऐकलं होतं? त्याने काय पाहिलं होतं? तो पडद्याकडे वळला. मग दोन बोटांनी लिहिलं: "मी उठलो. वोल्देमार बसला. त्याने टाइप केलं." माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर?" आता बरोबर नव्हतं का? बरोबर होतं! मी मान हलवली.

जूनमध्ये कोश आला. जाड, निळा, सुरेख बांधणीचा. लाइनेने चष्मा लावून आमच्या परगण्याचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, "संग्राहक, एंडेल पेडाक. शब्द, त्यांच्या मातोश्री अमांडा यांजकडून. टंकलेखन, डॉ. वोल्देमार तामिक." मग पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "बघ! आलं की नाही तुझं नाव? त्याने आठवणीने घातलं हो!"

मी पान हातात घेतलं. पुन्हा पुन्हा वाचलं. चुका शोधायची सवय ना! सगळ्या पानात एकच गोष्ट बिनचूक निघाली. तुम्हाला सांगतो, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आयुष्यात पहिल्यांदाच नाही. टायपिंग मात्र मीच केलं होतं.